कर्ता कुठे पळाला?

(ट्रॉम्बे इथं तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलं तसंच छापत आहोत.)



आज मी तुम्हाला व्याकरण शिकवणार आहे. हसू नका. शाळेत मास्तर छडी आपटून विचारायचे, वाक्यातला कर्ता कोण? रामाने आंबा खाल्ला. खाल्ला तर खाल्ला, आपल्याला काय त्याचं? आंबा आपल्या वाट्याला येणारच नव्हता. पण त्या सगळ्या शिकवणीतला हा एकच प्रश्न आपल्या कामाचा निघाला. कर्ता कोण? ज्याच्या हातात छापखाना आहे, कचेरी आहे, पोलीस ठाण्याचं दप्तर आहे, तो पहिल्यांदा वाक्यातला कर्ता पळवून लावतो. वाक्यातून सुटलेला माणूस पुढं कोर्टातूनही सुटतो.

लांब जायला नको. आपण बसलोय तिथूनच सुरू करू. या चिता कॅम्पची हकीकत सरकारी मराठीत लिहायची तर अशी लिहिली जाईल : ‘१९७६ साली जनता कॉलनीतील झोपडीधारकांना ट्रॉम्बे येथे हलवण्यात आले.’ झालं. एका ओळीत सुमारे सत्तर हजार माणसं मावली. वाचणाऱ्याला काय वाटेल? कुणीतरी कपाट हलवलं, खुर्ची हलवली, तशी वस्ती हलवली. कुणी हलवली? वाक्य सांगत नाही. माणसं हलायला तयार होती का? वाक्य सांगत नाही.

आता तीच गोष्ट आपल्या मराठीत सांगू. जनता कॉलनी महापालिकेनंच वसवली होती. शहराच्या आतल्या भागातून उठवलेल्या माणसांना तिथं जागा दिली होती. माणसांनी घरं उभी केली, पोरं वाढवली. पुढं ती जमीन भाभा अणुशक्ती केंद्राला हवी झाली. लोक वर्षानुवर्षं लढले. जॉकिन अर्पुथम यांच्यासारखा पोरगा त्या लढ्यात पुढारी झाला. मग आणीबाणी आली. १९७६ साली सरकारनं पोलिसांचा ताफा आणला, घरं पाडली आणि माणसांना खाडीकाठच्या दलदलीत आणून टाकलं. बघा, आता या गोष्टीत किती कर्ते उभे राहिले. महापालिका आहे, अणुशक्ती केंद्र आहे, सरकार आहे, पोलीस आहेत. आणि आपणही आहोत. आपण घरं उभी केली, आपण लढलो. पहिल्या वाक्यात आपण सामान होतो. दुसऱ्या गोष्टीत माणसं झालो.

हे ‘-ण्यात आले’ फार लबाड प्रकरण आहे, मित्रांनो. ‘कळवण्यात येते की’, ‘निष्कासित करण्यात येईल’, ‘लाठीमार करण्यात आला’. आता कुणी म्हणेल, ही मराठीची रीतच आहे. नाही. मराठी भाषा तशी इमानदार आहे. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चाललं तरी मराठी कर्त्याला ‘नी’ लावून जागेवर उभा ठेवते. ‘पोलिसांनी घरं पाडली.’ हा कर्मणी प्रयोग आहे, पण पोलीस कुठं पळाले? वाक्याच्या तोंडाशीच उभे आहेत. त्यांना तिथून घालवायचं तर मुद्दाम ‘पाडण्यात आली’ म्हणावं लागतं. ही कचेरीची मराठी आहे. आपल्या आया-बाया नळावर भांडताना कधी म्हणतात का, ‘माझी कळशी ढकलण्यात आली’? त्या सरळ नाव घेतात, बापाचंही घेतात.

क्रियापदाबरोबर नामंही तपासा. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावातच तीन शब्द आहेत : सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. हिवतापाचं निर्मूलन, कुष्ठरोगाचं निर्मूलन, आणि आपल्या घरांचंही निर्मूलन. रोगाच्या रांगेत आपल्याला बसवलं, की उपटणारा आपोआप डॉक्टर होतो. मग ‘अपात्र’ शब्द घ्या. सरकारनं एक तारीख ठरवली. त्या तारखेआधीचा कागद नसलेला माणूस अपात्र. मराठीत अपात्र म्हणजे लायकी नसलेला. कमी आहे ती कागदाची, पण शब्द बोट दाखवतो माणसाच्या लायकीवर. बाई ऑफिसातून परत येते आणि घरी सांगते, ‘आपण अपात्र निघालो.’ जणू तपासणीत रोग निघाला.

सरकारच्या तोंडून एखादा शब्द मात्र खरा निसटतो. ‘प्रकल्पग्रस्त’ हा तसा आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसा प्रकल्पग्रस्त. म्हणजे प्रकल्प ही आपत्ती आहे हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. इथून जवळ माहुलला रिफायनरीच्या शेजारी ज्यांना नेऊन कोंबलं, त्यांच्या कागदावर हा शब्द आहे. तो कागद जपून ठेवा.

*

आता घाटकोपरला चला. माता रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीनं गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला.

ही घटना चार तऱ्हांनी सांगता येते. मी फळ्यावर लिहितो, तुम्ही वहीत घ्या.

एक : पोलिसांनी गोळ्या झाडून दहा माणसं मारली.
दोन : पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले.
तीन : गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला.
चार : जमाव हिंसक झाल्याने पोलिसांना गोळीबार करावा लागला.

चारही वाक्यांत गोळ्या त्याच आहेत. पण पायरी-पायरीनं काय होतंय बघा. पहिल्यात पोलीस मारतात. दुसऱ्यात माणसं आपली आपणच ‘ठार होतात’, पोलीस षष्ठीच्या आडोशाला जातात. तिसऱ्यात पोलीस नाहीतच, नुसता मृत्यू आहे. पाऊस झाला, ताप झाला, तसा मृत्यू झाला. आणि चौथ्यात तर कमालच आहे. ‘पोलिसांनी’चं ‘पोलिसांना’ झालं. ‘नी’चा ‘ना’ झाला. एका अक्षरात मारणारा माणूस लाचार झाला. बिचाऱ्यांना करावा लागला! आता वाचकाला दया येते ती बंदूकवाल्याची.

आणखी एक गोष्ट त्याच वाक्यात आहे. पोलिसांची करणी असते तेव्हा कर्ता पळतो. आपली करणी असते तेव्हा तो अगदी ठळक उभा असतो. जमाव हिंसक झाला. जमावाने दगडफेक केली. जमावाने रस्ता अडवला. आपल्या वेळी प्रयोग कसा एकदम स्वच्छ होतो! १९२७ साली महाडला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तेव्हाही सनातन्यांना कर्ता बरोबर सापडला होता. ‘अस्पृश्यांनी तळं बाटवलं.’ आणि आधीची शेकडो वर्षं त्या तळ्यावरून माणसांना हाकलत होतं कोण? तिथं कर्ता नाही. तिथं म्हणायचं, ‘रूढी होती.’

रमाबाई नगरात सांगितलं गेलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा कर्ता सापडला, घडलेल्या गोष्टीचा सापडेना. तो शोधायला न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. बारा वर्षं गेली. २००९ साली सत्र न्यायालयानं राज्य राखीव पोलीस दलाचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून जन्मठेप दिली. पुढं उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. ‘करावा लागला’पासून ‘केला’पर्यंत यायला या शहरातल्या माणसांना बारा वर्षं लढावं लागलं. व्याकरण म्हणजे पुस्तकी गोष्ट आहे, असं आता म्हणू नका.

*

मी काही वर्षं एका वर्तमानपत्रात प्रुफं तपासायचो. कुठल्या, ते विचारू नका. जिल्ह्यातून वार्ताहराचा मजकूर यायचा : गावच्या लोकांनी बौद्धवाड्यावर हल्ला केला, अमक्या-तमक्याची घरं जाळली. टेबलावरून सरकत तो माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचं झालेलं असायचं : ‘किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी.’ ‘गट’ हा शब्द मला तिथं कळला. एका बाजूला तीनशे उंबरे, पाटीलकी, सोसायटी, पोलीस पाटील, ट्रॅक्टर. दुसऱ्या बाजूला गावकुसाबाहेरची वीस घरं. दोन्हींना ‘गट’ म्हटलं की तराजू सारखा झाला. आणि ‘किरकोळ कारण’ म्हणजे काय असायचं? विहिरीवर पाणी भरलं. वरात घोड्यावरून काढली. गायरान कसलं. ढोल वाजवायला नाही म्हटलं. त्यांच्या लेखी किरकोळ. आपल्या लेखी यातल्या एकेका गोष्टीसाठी पिढ्या गेल्या.

मोठ्या प्रमाणावर हेच मराठवाड्यात झालं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं. त्याला नाव काय मिळालं? ‘दंगल’. दंगल म्हणजे कुस्ती. आखाड्यात दोघं उतरतात, दोघंही लंगोट कसून. इथं एकाच्या हातात रॉकेल होतं आणि दुसऱ्याच्या हातात विझवायला पाणीसुद्धा नव्हतं. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आणि त्याला ‘नामविस्तार’ म्हटलं गेलं. आपण नामांतरासाठी मेलो, मिळाला विस्तार. अंतर म्हणजे बदल. विस्तारात जुनं काही हलत नाही, फक्त पाटी लांबते. नाव लागलं याचा आनंद मलाही आहे. पण कुणीतरी बसून, विचार करून हा शब्द निवडला आहे, हे विसरायचं नाही.

आता खैरलांजी. भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका, मुलगे रोशन आणि सुधीर. चौघांना गावातल्या जमावानं मारलं. सुरुवातीला कुजबूज फिरली ती ‘अनैतिक संबंधां’ची. या दोन शब्दांनी काय केलं? खून करणाऱ्यांकडे बघणारी मान वळवून मेलेल्या बाईच्या पदराकडे नेली. मग ‘पीडित’ आलं, ‘दुर्दैवी’ आलं, ‘माणुसकीला काळिमा’ आलं. काळिमा फासला तो अख्ख्या माणुसकीला. म्हणजे तुम्हाला, मला, सगळ्यांना. सगळे गुन्हेगार झाले की गुन्हेगार कुणीच उरत नाही.

सुरेखाबाईंसाठी नेमका शब्द होता, ‘साक्षीदार’. गावातल्या एका मारहाणीच्या प्रकरणात या मायलेकींनी आरोपींना ओळखलं होतं, साक्ष दिली होती. स्वतःची जमीन कसणारी, पोरांना शिकवणारी, नाव घेऊन बोट दाखवणारी ती बाई होती. ती वाक्यातली कर्ता होती, म्हणून तिला मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० साली उच्च न्यायालयानंही केला नाही. कारण ठरलं ते ‘सूड’. सूड हा दोन माणसांमधला असतो, त्याला जात नसते. एक शब्द मान्य झाला आणि अख्खा कायदा दाराबाहेर राहिला.

*

आता आपल्या नावाकडे येतो. कारण नाव हेसुद्धा एक छोटं वाक्यच असतं.

१९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकात अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हणावं असं आलं. भाऊराव गायकवाडांनी विरोध केला. बहुमतानं तो फेटाळला, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सभासदांना घेऊन सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, देवाची माणसं म्हटलं. त्यात हेच, की त्या शब्दात कर्ता नाही. हरीचे जन. मग यांना गावाबाहेर कुणी ठेवलं? हरीनं? शब्द गोड आहे आणि प्रश्न गिळून बसला आहे.

आता ‘बहिष्कृत’ घ्या. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्र काढलं, नाव ठेवलं ‘बहिष्कृत भारत’. हा शब्द ऐकला की कानात पुढचा प्रश्न वाजतोच, बहिष्कार कुणी टाकला? ‘दलित’चंही तसंच. दलित म्हणजे दळलेला, चिरडलेला. जात्यात दाणे आपणहून उडी मारत नाहीत. खुंटा कुणाच्या तरी हातात असतो. पँथरनं १९७३ च्या जाहीरनाम्यात हा शब्द रुंद केला, भूमिहीन आले, कामगार आले, स्त्रिया आल्या. पण प्रश्न तोच ठेवला, दळतोय कोण? २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना सल्ला दिला की दलित म्हणू नका, अनुसूचित जाती म्हणा. अनुसूचित म्हणजे यादीत घातलेला. आता यादी करणारा कारकून दिसतो, दळणारा दिसत नाही. सवलतीसाठी, कोर्टासाठी तो शब्द लागतो, तिथं तो वापरायचाच. पण बातमीतून ‘दलित’ काढला की बातमीतला खुंटा काढला.

आणि ‘बौद्ध’? या शब्दांवरून आपण आपसात खूप भांडलो, अजून भांडतो. माझं म्हणणं एवढंच आहे : ‘दलित’ शब्द सांगतो आमच्यावर काय केलं गेलं. ‘बौद्ध’ शब्द सांगतो आम्ही काय केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. इथं कर्ता आम्ही आहोत. आम्हाला दोन्ही वाक्यं लागतात. एक आरोपपत्रासाठी आणि एक जगण्यासाठी. म्हणून सरकारी कागदावरचा तो ‘नव’ मला टोचतो. नवबौद्ध! सत्तर वर्षं होत आली. आपले आजोबा वारले, तरी अजून नवेच.

शब्द बदलला म्हणजे भागलं, असंही नाही. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाड्याचं समतानगर होईल. होऊ दे. पण समतानगर गावाच्या कुठल्या टोकाला आहे आणि तिथं नळ किती वाजता येतो, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. शब्दानं भिंत पडत नाही. भिंत कुणी बांधली, एवढं शब्द सांगू शकतो. तेवढं त्याच्याकडून वसूल करा.

आणि चळवळीच्या पानांवरही कर्ता पळतो, हे ऐकून घ्या. ‘मनुवादी शक्तींनी भ्याड हल्ला केला.’ वाचायला झणझणीत. पण मनू मरून किती शतकं झाली? त्याला कुठलं समन्स लागू होणार? त्या गावात कुणाची जमीन आहे, कोण सरपंच, कारखान्यावर कुणाची सत्ता, पोलीस कुणाच्या जीपमधून आले, हे लिहा. ‘नराधम’ लिहू नका, नाव लिहा. विशेषण रागाचं असतं, नाव पुराव्याचं असतं. आपल्याला दोन्ही हवं, पण पहिलं नाव.

*

शेवटी कामाचं. तुमच्यातले अर्धे लोक उद्या कुणाबरोबर तरी पोलीस ठाण्यात जाणार आहात. तिथं तुमच्या भाषेची खरी परीक्षा आहे.

माणूस रडत, धापा टाकत सांगतो. समोरचा हवालदार लिहितो : ‘जुन्या भांडणाच्या कारणावरून शिवीगाळ करून मारहाण केली.’ हे वाक्य मराठीत अगदी शुद्ध आहे. आणि त्यात अॅट्रॉसिटी कायदा मेलेला आहे. १९८९ च्या त्या कायद्याला काय लागतं? जातीवरून अपमान झाला हे लागतं, आणि तो लोकांच्या नजरेसमोरच्या जागी झाला हे लागतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी समोर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. मग लिहिलं काय पाहिजे? कोण बोललं, नावानिशी. कुठला शब्द उच्चारला, तोच शब्द, कितीही घाण असला तरी. ‘जातिवाचक शब्द वापरले’ एवढ्यावर भागवू नका. तोंडातून आला तो शब्द कागदावर उतरला पाहिजे. कुठं बोलला? ओट्यावर, रस्त्यावर, नळावर, दुकानासमोर? कुणी ऐकलं? बोलणाऱ्याला आपली जात माहीत होती, ती कशी?

आणि हे पाठ करा. या कायद्याचं चौथं कलम २०१६ पासून दुरुस्त होऊन लागू आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं, हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. न दाखवणं हा त्याचा गुन्हा होऊ शकतो. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. म्हणून माय-बहिणींना सांगा, अंगठा उठवण्याआधी म्हणायचं, ‘साहेब, वाचून दाखवा.’ तो वाचेल. तुम्ही शेजारी उभे राहा आणि प्रत्येक वाक्याला मास्तरांचा तो प्रश्न विचारा. ‘शिवीगाळ झाली’, कुणी केली? ‘घर पेटले’, कुणी पेटवलं? ‘जुने भांडण’, कसलं भांडण, कुणाचं कुणाशी? जिथं ‘झाली’ आहे तिथं ‘केली’ घालून घ्या. तो म्हणेल, एकच आहे हो. त्याला सांगा, एकच असेल तर आमचं लिहा.

ज्यांना लिहिता येतं त्यांनी दर रविवारी इथं अर्धा तास बसा. आठवड्याच्या बातम्या कापून आणा. कर्ता नसलेली वाक्यं लाल शाईनं खुणवा आणि ज्यांच्यावर बेतलं त्या माणसांना विचारून ती पुन्हा लिहा. या पानांत आपण ती छापू. पुढच्या रविवारी सुरुवात करू. वही प्रत्येकानं आपली आणायची.

जयभीम.